ओढण्याचं सोडा, उतरण्याचं बोला

बसा बसा, पुढे या, पुढच्या दोन रांगा रिकाम्याच आहेत. विषय तुम्ही बोर्डावर वाचलाच असेल, मोठ्या ट्रकमागे आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेला ट्रेलर, जोडून फिरताना काय सांभाळायचं, आणि मुलुंडमध्ये हा विषय कशाला असं ज्यांना वाटतंय त्यांनी जरा आजूबाजूला बघा, या हॉलमधल्या निम्म्या लोकांची मुलं अमेरिकेत आहेत, मे महिना आला की आपण विमानात, आणि हल्ली या मुलांनी नवीनच काढलंय, हॉटेल नको, आपण ट्रेलर घेऊ, आईबाबांना यलोस्टोन दाखवू. चाकांवरचं घर, आत ओटा, पलंग, संडास-बाथरूम, आणि ते ओढायला पुढे दांडगा पिकअप ट्रक. आपण मागच्या सीटवर, सीटबेल्ट लावून, अथर्वशीर्ष म्हणत. ते म्हणाच, मीही म्हणतो, पण त्याआधी मुलाला नाहीतर जावयाला दोन प्रश्न विचारा, ते कुठले हे सांगायला मी आज उभा आहे.

आपल्याकडेही हे येतंय हं. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं. पण इथल्या कॅरॅव्हॅन बहुतेक एकाच चासीवर, इंजिन आणि घर एकत्र. मी बोलतोय ते टोचन लावून मागे ओढायच्या घराबद्दल, तो प्रकार वेगळा, त्याला स्वतःची चाकं, स्वतःचे ब्रेक आणि स्वतःची अक्कल असते, पुढचा ड्रायव्हर झोपला की मागचं आपल्या मनाने चालायला लागतं.

माझं आयुष्य कळंबोलीत गेलं, ट्रेलरच्या धंद्यात, न्हावा शेव्याहून कंटेनर उचलायचा आणि घाटावर पोचवायचा. तिथे नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला, मालक हा घोडा, म्हणजे पुढचा ओढणारा ट्रक, किती टन ओढतो? आणि जुना ड्रायव्हर काय विचारायचा माहितीये, काटा केला का आणि ब्रेक कधी बघितले. मला वाटतं सगळी विद्या या दोन प्रश्नांत आहे. वजन नेमकं किती आणि कुठे बसलंय, आणि ते उतारावर थांबवणार कोण. अमेरिकेत शोरूममध्ये गेलात तर ट्रकच्या काचेवर, जाहिरातीत, सगळीकडे ओढायचा आकडा, वीस हजार पाउंड, पंचवीस हजार पाउंड. मुलं हुशार, इंजिनियर, पण तो आकडा बघून भुलतात.

आता मी घाटावर येतो, कारण घाट सोडून मला बोलताच येत नाही. कर्जतला वडा खाल्ला नाही असं कुणी आहे का इथे? हात वर करा. नाही ना, बरं झालं, नाहीतर मी त्यांना आधी स्टेशनवर पाठवणार होतो. तो वडा आपण खाऊ शकायचो कारण गाडी तिथे थांबायची, आणि थांबायची कशासाठी तर मागे बँकर लावायला, जादा इंजिनं, ती मागून ढकलत गाडी लोणावळ्याला चढवायची. हे सगळ्यांना माहितीये. पण उलट्या बाजूने, पुण्याहून येताना, मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी गाडी मधेच उभी राहते, स्टेशन नाही, कोणी चढत नाही उतरत नाही, आणि आपण चरफडतो की आता काय झालं. तर ते ब्रेक बघायचं थांबणं आहे. तिथे कॅच सायडिंग आहेत, मुद्दाम चढावर नेलेला रुळाचा फाटा, गाडी आवरली नाही तर तिकडे जाऊन आपोआप मंदावावी म्हणून. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ सालचा, चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर गेलं की एक मीटर वर. चढायची तजवीज केलीच पण उतरायची भीतीही त्या लोकांनी तेवढीच धरली, आणि ही भीती मला फार आवडते, ती शहाण्या माणसाची भीती आहे.

आणि त्याच घाटात, पलीकडे रस्त्यावर, आमचे ड्रायव्हर काय करायचे? न्यूट्रल. खंडाळा संपला की गिअर काढला, डिझेल वाचतंय ना. इंजिन गिअरमध्ये असेल तर ते स्वतः गाडीला मागे खेचून धरतं, न्यूट्रल केलं की तो हात सुटला, सगळा भार ब्रेकवर आला. ब्रेक म्हणजे शेवटी घासून गरम होणं, लाइनर तापले, ड्रम तापून फुगला, पकड गेली, पाय खाली जमिनीला टेकला तरी गाडी पळतेच आहे. लिटरभर डिझेल वाचवायला. यावर मी कळंबोलीत इतकं ओरडलोय की मी आलो की पोरं म्हणायची, आले, न्यूट्रलवाले आले. माझ्या गाड्यांवर न्यूट्रल मारणाऱ्याला दुसरी खेप नाही असा नियमच होता, आणि तो मी भावाच्या मेव्हण्यालाही लावला, घरात दोन दिवाळ्या अबोला होता. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

तर हे डोक्यात घेऊन मी डेन्व्हरला लेकीकडे गेलो. जावई म्हणाले, बाबा, ट्रेलर बघायला जाऊ, फिफ्थ व्हील घ्यायचाय. फिफ्थ व्हील म्हणजे आपल्या कंटेनरच्या गाड्यांचं टर्नटेबलच, ट्रेलरच्या नाकाखालची जाड खीळ, किंग पिन, ट्रकच्या हौद्यातल्या जोडणीत बसते, आणि अशा ट्रेलरलाही फिफ्थ व्हीलच म्हणतात, हे बघून मला माहेरी आल्यासारखं झालं. यांच्याकडे ट्रक तीन-चतुर्थांश टनाचा, म्हणजे ते ज्याला २५०० किंवा २५० नंबरचा म्हणतात तो, डिझेल, चार दरवाजे, आत चामड्याच्या सीट. विक्रेता म्हणाला, हा ट्रक काहीही ओढेल, अठरा हजार पाउंड, तुमचा ट्रेलर तेराच हजाराचा आहे, सही करा. अगदी गोड माणूस, कॉफी दिली. आणि त्याचं बोलणं खोटं नव्हतं, ट्रकने ओढला असता, हीच तर गोम आहे.

मी म्हटलं, जरा ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. दरवाजा लावतो तिथे खांबावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांच्या वर जाऊ नये असं लिहिलेला. आकडा होता २२००. किलोत साधारण हजार. मग कॉफीच्याच कागदी रुमालावर हिशेब मांडला. फिफ्थ व्हीलचं वीसेक टक्के वजन किंग पिनवर येतं, काहींचं पंचविसापर्यंत जातं. तेरा हजाराचे वीस टक्के २६००. झालं, स्टिकर तिथेच संपला, अजून गाडीत माणूस बसलेला नाही. हौद्यात बसवायचा हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायची जोडणी, आणखी दोनशे. आम्ही चौघं सहाशे चाळीस धरा. हत्यारं, पाण्याचे कॅन, बायकोच्या लोणच्याच्या बरण्या, दीडशे. बेरीज ३५९०. बावीसशेच्या गाडीवर! विक्रेत्याला दाखवलं तर म्हणाला, सगळे असंच करतात. हे वाक्य मला कळंबोलीहून डेन्व्हरपर्यंत सोडत नाही बघा, सगळे असंच करतात, ज्यांनी ज्यांनी मला न्यूट्रलबद्दल हे सांगितलं त्यांचेही चेहरे आठवले.

जावई म्हणाले, पण बाबा डिझेल इंजिन आहे, ताकद आहे. ताकद आहेच, पण तेच डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड, आणि या वर्गातल्या बऱ्याच ट्रकची एकूण वजनाची मर्यादा दहा हजार पाउंडांच्या आसपास अडकलेली, म्हणजे इंजिन जेवढं जड तेवढी पाठीवरची जागा कमी. भक्कम इंजिनवाल्या ट्रकलाच पाठीवर कमी झेपतं, हे गणित विकणारा सांगत नाही. मग वर्गच बदलावा लागतो, एक टनाचा, ३५०० किंवा ३५० वाला, आणि फिफ्थ व्हील मोठा असेल तर मागे चार चाकांचा. नाहीतर ट्रेलर लहान घ्या. आमच्याकडे ट्रेलर लहान घेतला, लेक खूश, साफ करायला कमी. माझा राग त्या माणसाने लहान ट्रेलर दाखवलाच नाही यावर आहे, मागच्या अंगणात तीन उभे होते, धूळ खात.

चिठ्ठी आली, पंधरा मिनिटं राहिली, त्यानंतर इथे भजनी मंडळ आहे. अरे देवा, आणि ज्याच्यासाठी बोलावलं ते तर सांगायचंच आहे. भराभर घेतो, लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्या.

काटा करा. तिकडे हायवेवर ट्रक थांबतात तिथे कॅट स्केल नावाचे काटे असतात, तीन वेगळ्या फळ्या, पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. रिकामं वजन कंपनीच्या कागदावरचं धरू नका, पाणी, गॅस, किराणा सगळं भरून काटा करा. साधा ट्रेलर असेल, म्हणजे मागच्या गोळ्यावर जोडायचा, तर त्याच्या नाकावर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हवा. कमी पडला की ट्रेलर शेपटी हलवतो. म्हणून जड सामान ॲक्सलच्या पुढे, मागच्या कपाटात गव्हाचं पोतं नको. या प्रकाराला वजन वाटणारा हिच लावा, त्याच्या दांड्या थोडा भार उचलून ट्रकच्या पुढच्या चाकांवर टाकतात, नाहीतर ट्रकचं नाक वर आणि स्टिअरिंग हलकं, जे कुणालाच नको.

जोडल्यावर खात्री. खटका बसला की जॅकने ट्रेलरचं नाक थोडं उचलून बघा, ट्रकचं मागचं अंगही सोबत उचललं गेलं तर बसला. साखळ्या दोन, खालून एकमेकींना ओलांडून, म्हणजे हिच सुटला तर नाक रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतं. एक बारीक तार असते, ट्रेलर तुटून निघाला तर ती ओढली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात, ती साखळीच्या आकड्यात अडकवू नका, ट्रकला वेगळी लावा. आणि ती बॅटरीवर चालते, बॅटरी मेलेली असेल तर तार म्हणजे शोभेची.

ट्रेलरचे ब्रेक विजेचे असतात, त्यांचा जोर ट्रकमधून ठरवता येतो. रिकाम्या सपाट रस्त्यावर ताशी वीस-पंचवीस मैलांवर फक्त ट्रेलरचा हातब्रेक, म्हणजे ट्रकमध्येच असलेली ट्रेलरच्या ब्रेकची कळ, दाबा, ट्रेलरने ट्रकला मागे ओढायला हवं पण चाकं घसटता कामा नयेत, तिथे सेटिंग ठेवा. भार बदलला की परत बघा.

टायर. ट्रेलरचे टायर वेगळे येतात, एसटी, म्हणजे स्पेशल ट्रेलर, लिहिलेले, पुष्कळांची मर्यादा ताशी ६५ मैल. बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांनी बदलायचे, कारण हे टायर उभ्या उभ्या म्हातारे होतात. हवा थंड असताना तपासा.

शेपटी हलायला लागली तर? घाबरून ब्रेक मारू नका, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका. ॲक्सिलरेटर सोडा, चाक सरळ धरा, आणि तो ट्रेलरचा हातब्रेक हलकेच दाबा. मागचं ताणलं की पुढचं सरळ होतं.

आता उतार, दोन मिनिटं, हे नाही सोडणार. डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० हायवेवर आयझेनहॉवर बोगदा आहे, १९७३ चा, अकरा हजार फुटांवर, आणि तो ओलांडला की सिल्व्हरथॉर्न गावाकडे सात टक्क्यांपर्यंतचा उतार, म्हणजे १४ ला १, मैलच्या मैल. बाजूला सुटलेल्या ट्रकांसाठी खडीचे चढाव केलेत, बघितल्यावर मी जावयांना म्हटलं, हे आपलं कॅच सायडिंग. उतार सुरू व्हायच्या आधी, वरच, वेग कमी करा, टो-हॉल मोड, म्हणजे ओढताना वापरायची गिअरची सेटिंग, लावा, डिझेल असेल तर एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनलाच गाडी धरायला लावणारा, चालू करा, खालचा गिअर. वेग वाढला तर ब्रेक दमदार दाबून वेग पाच मैलांनी खाली आणा आणि पूर्ण सोडा, ड्रमला निवू द्या. पायाने सतत चाटत राहायचं नाही. आम्ही खाली थांबलो तर शेजारी एक ट्रेलर उभा, चाकातून निळसर धूर, लाइनर जळाल्याचा तो वास, मी डोळे मिटून ओळखेन, आणि मालक पाण्याची बादली घेऊन निघालेला. मी धावत जाऊन त्याचा हात धरला. तापलेल्या ड्रमवर गार पाणी टाकलं तर ड्रम तडकतो. तासभर तसाच उभा राहू दे म्हटलं, आणि आमच्या थर्मासमधला चहा दिला.

आणखी दोन. वेग, कॅलिफोर्नियात मागे काही ओढत असाल तर ५५ मैल, बोर्डावर इतर गाड्यांना ६५-७० लिहिलेलं असलं तरी. आणि उंची, फिफ्थ व्हील तेरा फुटांच्या आसपास जातो, तुमचा फोनमधला नकाशा तो विचारात घेत नाही, न्यू यॉर्कच्या बाजूचे जुने पार्कवे तर बुटक्या पुलांचे, तिकडे ट्रेलरला मनाईच आहे. ज्यांची मुलं न्यू जर्सीत आहेत त्यांनी हे आज रात्रीच फोनवर सांगा. एसीसकट उंची मोजून डॅशबोर्डवर चिकटवायची.

लायसन्सचं राहिलं. राज्याराज्यात नियम निराळे, कॅलिफोर्नियात १५,००० पाउंडांच्या वरच्या फिफ्थ व्हीलला वेगळं लायसन्स लागतं, तर मुलांच्या राज्यात काय ते ट्रेलर घ्यायच्या आधी बघायला सांगा. मागे कसा घ्यायचा हे कुणीतरी चिठ्ठीत विचारलंय, त्याला रिकामं मैदान आणि दोन रविवार लागतात, हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा, ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात न्या. भजनी मंडळाची पेटी आली वाटतं, या या ताई, झालंच. बाकीचे प्रश्न बाहेर चहाजवळ घेतो, आणि ज्यांच्या मुलांकडे ट्रक आहे त्यांनी दरवाज्यावरच्या त्या स्टिकरचा फोटो मागवून ठेवा, बेरीज मी करून देतो.