टाकीची जागा

तुम्ही सगळी ग्रामसभेत बसणारी माणसं, त्यामुळे ग्रामसभा म्हणजे काय ते सांगत बसत नाही. विषय दिलाय ‘लोकनिर्णय आणि डिजिटल साधनं’. त्याआधी टाकीची गोष्ट सांगतो, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आमच्या भागातल्या एका गावात पाण्याची टाकी व्हायची होती. जागा दोन: शाळेमागची आणि गावठाणाच्या उंचवट्यावरची. कापूस वेचणीचे दिवस, सभेला कोण येणार? मीच सुचवलं, व्हॉट्सअ‍ॅपवर मतं घ्या. संध्याकाळपर्यंत ६१ मतं आली, शाळेमागची जागा ठरली. सभेत नुसतं वाचून दाखवायचं उरलं होतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक बाई उठली. वावरातून थेट आलेली, बोटांवर बोंडांच्या टोकांचे ओरखडे. म्हणाली, “मले कोनं इचारलं? घरचा फोन तं पोराच्या खिशात असते. अन् थ्या जागी पावसाळ्यात नाल्याचं पानी गुडघ्यावर येते, ते फोनात दिसलं का?”

आम्ही सगळे उठून तिच्यामागं गेलो. शाळेच्या मागच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला गाळाची वाळलेली रेघ होती. रोज तिथून जाणारे आम्ही! मग मतं पुन्हा पाहिली. ६१ मध्ये बायांची होती चार. त्या दिवसापासून मला दवंडीची फार किंमत वाटते. दवंडी निदान चुलीपुढं बसलेल्या बाईच्याही कानावर पडायची.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भरभर सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयानं ‘सभासार’ आणलं. सभेचं ध्वनिमुद्रण दिलं की यंत्र इतिवृत्त तयार करतं. सचिवाचं काम हलकं होईल, मला ते हवंच आहे. पण वऱ्हाडीत, गोंडीत, कोलामीत बोललेलं त्यात कसं उतरलं, हे बोलणाऱ्यानंच तपासायला हवं. आणि जी बोललीच नाही, नुसती मान हलवली, ती त्या ध्वनिमुद्रणात नाहीच.

तैवाननं २०१५ साली उबर टॅक्सीच्या प्रश्नावर ‘पोल.इस’ (Pol.is) नावाचं ऑनलाइन साधन वापरलं. त्यात लोक आपलं म्हणणं मांडतात, दुसऱ्याच्या म्हणण्याला सहमत की असहमत एवढंच सांगतात. उलट उत्तर द्यायची सोयच नाही, म्हणून भांडण पेटत नाही आणि एकमत कुठं आहे ते दिसतं. आपल्या गडचिरोलीचं मेंढा-लेखा तर यंत्राशिवाय सर्वसहमतीनं चालतं. सामूहिक वनहक्क मिळवलेलं गाव ते. एकाचाही विरोध उरला तर विषय पुढच्या सभेला जातो.

म्हणून २६ जानेवारीला एवढं कराच. फोनवर कल जाणून घ्या, ठराव मात्र सभेतच करा. ग्रामसभेआधीची महिला सभा कागदावर उरकू नका. आणि इतिवृत्त सहीआधी बोलीत मोठ्यानं वाचा, “बाई, तुम्ही असंच म्हणाल्या ना?” म्हणून विचारा.

टाकी उंचवट्यावर झाली, हे सांगायचं राहिलं. आता माईक मागं बसलेल्या बायांकडे द्या, त्यांचे प्रश्न आधी घेऊ.