एकदाच ऐकू येतं

नमस्कार श्रोतेहो. आज दुभाष्यासारखं ऐकायचं कसं, यावर बोलू. सुरुवातीलाच मी इंग्रजीतली दोन वाक्यं वाचणार आहे, आणि ती एकदाच वाचणार आहे. तुमच्या हातातलं काम थांबवू नका. भाजी चिरत असाल तर चिरा, जाळं विणत असाल तर विणा. वाचून झालं की मी गप्प बसेन, तेवढ्यात त्याचं मराठी मोठ्याने बोलायचं. मनातल्या मनात नको, तोंडाने.

प्लीज डोन्ट स्टॉप द टॅब्लेट्स अनलेस द डॉक्टर टेल्स यू टू. टेक वन एव्हरी अदर डे, ऑन अ‍ॅन एम्प्टी स्टमक, अँड कम बॅक इन अ फोर्टनाइट.

(दहा सेकंद शांतता)

डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळ्या बंद करू नका. एक दिवसाआड एक गोळी, उपाशीपोटी घ्या, आणि पंधरवड्याने पुन्हा दाखवायला या. असं काहीसं तुम्ही बोलला असाल तर उत्तम. कोणी ‘रोज एक गोळी’ म्हणालं असेल, तर माझ्या आतेची गोष्ट ऐका.

आते मालवणची. मुलाकडे मेलबर्नला गेली होती. तिथे दवाखान्यात तिला इंग्रजी कळेना, म्हणून सोबतच्या नातवाने डॉक्टरांचं बोलणं मराठीत सांगितलं. नातू हुशार, तिथल्या शाळेत शिकणारा, इंग्रजी अगदी त्यांच्यासारखं. पण ‘एव्हरी अदर डे’ म्हणजे एक दिवसाआड, हे मराठीत सांगायची वेळ त्याच्यावर आधी कधी आली नव्हती. तो म्हणाला, ‘रोज’. आठ दिवस आतेने रोज गोळी घेतली आणि चक्कर येऊन पडली. पुढे सगळं निभावलं. पण ती मला फोनवर म्हणाली, “डॉक्टर काय म्हणालो तां माका कोणी धड सांगूकच नाय गो.” ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. नातवाला दोष कसा द्यायचा? तेरा वर्षांच्या पोराला आपण दुभाषी करून बसवलं होतं.

त्यानंतर मी दुभाष्याच्या परीक्षेची तयारी सुरू केली, आणि आता गेली काही वर्षं आपल्या भागातल्या मुलामुलींकडून ती करून घेते. त्यात नर्स आहेत, जहाजावर जाणारे आहेत, लग्न होऊन परदेशी निघालेल्या मुली आहेत. सगळे येताना एकच सांगतात, “ताई, माझं इंग्रजी चांगलं आहे, मी सिनेमे सबटायटलशिवाय बघतो.” मग मी त्यांना पंधरा सेकंदांचा एक तुकडा ऐकवते आणि विचारते, काय म्हणाला तो? उत्तर येतं, “कळलं ना, औषधाबद्दल काहीतरी.” इथेच सगळं अडतं. आपल्यापुरतं कळणं वेगळं आणि दुसऱ्याच्या हातात देता येईल इतकं कळणं वेगळं. सिनेमात एखादं ‘अनलेस’ निसटलं तर गोष्ट पुढे जाते. दवाखान्यात ते निसटलं तर गोळ्या बंद होतात.

आता ऐकण्याचा सराव करायचा कसा? माझं ठाम मत आहे की तो रेडिओवर करावा. तुम्ही रेडिओच ऐकताय म्हणून मी हे म्हणत नाही. मोबाइलवर ऐकताना बोट आपोआप मागे जातं, दहा सेकंद मागे, पुन्हा दहा सेकंद मागे. तीन वेळा ऐकून कळलं की आपल्याला वाटतं, आलं. कानाला मात्र सवय लागते की पहिल्या खेपेला लक्ष दिलं नाही तरी चालतं. रेडिओ मागे फिरवता येत नाही. आकाशवाणीच्या रात्री नऊच्या इंग्रजी बातम्या लावा, एक बातमी ऐका, आवाज बंद करा आणि ती मराठीत सांगा. घरात कोणीतरी समोर बसलेलं असेल तर फारच छान, कारण आईच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं की तुम्ही सांगितलेलं तिला समजलं की नाही.

अगदी नवीन असाल तर सावकाश इंग्रजीपासून सुरुवात करायला हरकत नाही. अमेरिकन सरकारच्या व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओने 1959 साली ‘स्पेशल इंग्लिश’ नावाने बातम्या द्यायला सुरुवात केली होती. साधारण दीड हजार शब्दांचा साठा आणि नेहमीच्या दोन-तृतीयांश वेग. पायरी चढायला हे बरं, पण दोनेक महिन्यांत तिथून उठा. जगातला कुठलाही डॉक्टर, वकील किंवा बँकवाला त्या वेगाने बोलत नाही.

आणि ज्या देशाची परीक्षा, त्या देशाचं इंग्रजी कानावर पडू द्या. ऑस्ट्रेलियातली बाई ‘टुडे’ म्हणते ते आपल्याला ‘टुडाय’सारखं ऐकू येतं. अमेरिकन माणूस ‘थर्टी’ म्हणतो ते ‘थर्डी’ वाटतं. पहिले आठ दिवस हे कानाला टोचतं, मग टोचायचं थांबतं.

मुलांना सगळ्यात जास्त चकवतं ते ‘कॅन’ आणि ‘कान्ट’. आपण पुस्तकातून इंग्रजी शिकलो, त्यामुळे प्रत्येक शब्द ठसठशीत ऐकू येईल असं आपण धरून चालतो. मराठी बरीचशी तशी आहेही, प्रत्येक अक्षराला आपापली जागा मिळते. इंग्रजी मात्र काही शब्दांवर जोर देते आणि मधले गिळते. ‘शी कॅन गो’मधला ‘कॅन’ जेमतेम ‘कन’ उरतो, आणि जोर ‘गो’वर जातो. ‘शी कान्ट गो’मध्ये ‘कान्ट’वरच जोर असतो, शेवटचा ‘ट’ ऐकू येवो न येवो. म्हणून ‘ट’ शोधत बसू नका, जोर कुठे पडला ते ऐका. थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी यांचंही तसंच. पंधरामध्ये शेवट लांबतो, पन्नासमध्ये सुरुवातीला ठोका पडतो. भर बोलण्यात हा फरक पुसट होतो, म्हणून सोबतचे शब्द धरून ठेवायचे. दुकानदाराने पावाचे ‘फिफ्टीन डॉलर’ सांगितले का ‘फिफ्टी’, हे पावावरूनही ठरतं.

आकड्यांवर मला जरा थांबायचंय, कारण माझा स्वतःचा पहिला प्रयत्न आकड्यांनीच बुडवला. तुकडा पूर्ण समजला होता, घरभाड्याचा होता, पण रक्कम ऐकताच मी तिचं मराठी करायला गेले आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निघून गेलं. आपल्या मराठीत एकक आधी येतो आणि दशक नंतर. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी, वीस मागून. इंग्रजीत ‘ट्वेंटी-फाइव्ह’, उलटा क्रम. डोक्यात ही उलटापालट करत लिहायला गेलं की 25 चे 52 होतात. म्हणून आकडा ऐकला की त्याचं भाषांतर करायचं नाही, थेट कागदावर आकड्यात उतरवायचा. बोलायची वेळ येईल तेव्हा तो कागद मराठीत वाचायचा. मोठ्या रकमांसाठी पाढा पाठ हवा. एक मिलियन म्हणजे दहा लाख, दहा मिलियन म्हणजे एक कोटी, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. ‘टू पॉइंट फाइव्ह मिलियन’ कानावर पडताच ‘पंचवीस लाख’ तोंडात यायला हवं, आणि ‘वन हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड’ म्हटलं की ‘दीड लाख’. मध्ये विचार करायला जागाच नसते.

याचा सर्वांत चांगला वर्ग आपल्या किनाऱ्यावर रोज भरतो. मालवणला मासळीचा लिलाव चालू असतो तिथे जाऊन उभे राहा. होड्यांचा आवाज, कावळे, माणसांची ढकलाढकली, आणि त्यातून बोली चढत जाते. सुरमईच्या टोपलीची शेवटची बोली एकदाच उच्चारली जाते. आपल्या मासेवाल्या बायका ती हवेत पकडतात, वर मागची बोलीही त्यांच्या लक्षात असते. शाळेत किती शिकल्या, काही संबंध नाही. आकड्यावर पोट अवलंबून आहे म्हणून कान तसा तयार झालाय. मी मुलांना तिथे वही घेऊन पाठवते. आधी मराठी बोली टिपायची, मग घरी येऊन तेच आकडे एकाने इंग्रजीत भरभर वाचायचे आणि दुसऱ्याने लिहायचे. बाजूला मिक्सर चालू ठेवायचा. पावसाळ्यात पत्र्यावर सर कोसळत असेल तर मिक्सरची गरज नाही.

वाक्याच्या बांधणीचंही ध्यानात घ्यायला हवं. इंग्रजी क्रियापद लवकर सांगून टाकते आणि ‘नॉट’ही त्याच्या आसपास येऊन जातो. आपलं क्रियापद शेवटी, नकारही शेवटी. म्हणून इंग्रजीतून मराठीत येताना पोटात धरलेलं क्रियापद शेवटपर्यंत सांभाळावं लागतं, आणि मराठीतून इंग्रजीत जाताना ते येईपर्यंत थांबावं लागतं. ‘परवा’ शब्द घ्या. ‘परवा मी डॉक्टरांकडे’ एवढं ऐकून इंग्रजीत काय सांगणार? ‘गेले’ की ‘जाणार’, हे कळेपर्यंत तो दिवस मागचा की पुढचा तेच ठरत नाही. घाई केली की चुकलं. तिकडून ‘ब्रदर-इन-लॉ’ आला तर तो दीर, मेव्हणा की साडू, हे तुम्ही मनाने ठरवायचं नाही. संदर्भात नसेल तर विचारायचं.

सावलीसारखं मागोमाग बोलायचा, ज्याला ‘शॅडोइंग’ म्हणतात, तो व्यायाम पुष्कळ जण सुचवतात. वक्त्याच्या एक-दोन शब्द मागे राहून त्याचंच इंग्रजी पुन्हा बोलायचं. जीभ सुटायला आणि ऐकता ऐकता बोलायची सवय व्हायला तो उपयोगी आहे. पण मी त्याला दिवसाची दहा मिनिटंच देते, कारण अर्थ न कळताही ते जमतं, पोपटालाही जमेल. उरलेला वेळ मी ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायला देते. आपल्याकडच्या दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. समोरचा देव किंवा राक्षस काय बोलला ते पूर्ण ऐकून तिथल्या तिथे उत्तर उभं करावं लागतं. ते ऐकणं मला हवं आहे.

परीक्षेबद्दल थोडं सांगते. आपल्याकडची बरीच मुलं ऑस्ट्रेलियाच्या ‘नाटी’ या, दुभाषी आणि भाषांतरकारांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची सीसीएल, म्हणजे ‘क्रेडेन्शियल्ड कम्युनिटी लँग्वेज’ चाचणी देतात. ही संस्था 1977 सालची आहे, आणि त्या चाचणीत मराठी आहे. दोन संवाद असतात, प्रत्येकी सुमारे 300 शब्दांचे, आणि एका वेळी जास्तीत जास्त 35 शब्दांचा तुकडा येतो. एकूण 90 गुणांपैकी 63 लागतात, आणि प्रत्येक संवादात 45 पैकी किमान 29. ही चाचणी पास झालात म्हणजे दुभाषी म्हणून काम करायला मोकळे झालात असं नाही. त्यासाठी त्याच संस्थेची पुढची, अधिक अवघड प्रमाणपत्रं आहेत. तरी सुरुवात म्हणून चांगली आहे. अर्ज भरण्याआधी नियम पुन्हा एकदा पाहून घ्या.

टिपणं काढायला परवानगी असते, पण वाक्यं लिहीत बसू नका. कोण, काय, किती, कधी एवढंच, एकाखाली एक. नकाराला फुली. ‘अनलेस’, ‘अनटिल’, ‘ईव्हन इफ’ यांच्यासाठी तुमची अशी एक खूण ठरवा आणि ती कधी बदलू नका, कारण नाव विसरलं तर चालेल पण या सांध्यावर अर्थ उलटतो.

एका संवादात एक तुकडा पुन्हा ऐकायची विनंती गुण न गमावता करता येते. ती राखून ठेवा. 1945 साली जर्मनीत न्यूरेम्बर्गला नाझी पुढाऱ्यांवर चाललेल्या खटल्यात इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत एकाच वेळी दुभाषांतर चालायचं, तेव्हा बोलणाऱ्यासमोर दिवे बसवले होते. दुभाष्याला झेपेनासं झालं की पिवळा दिवा लागायचा, म्हणजे सावकाश बोला. लाल लागला की थांबा. इतक्या मोठ्या खटल्यात त्यांना दिवा लावायची लाज वाटली नाही. मग आपण ‘पुन्हा सांगाल का?’ विचारायला का लाजतो? न ऐकलेलं ठोकून देणं ही या कामातली सर्वांत वाईट गोष्ट.

आपल्या या किनारपट्टीला दुभाषी नवे नाहीत. 1674 च्या जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, हेन्री ऑक्झिंडेन आला, तेव्हा त्याच्यासोबत दुभाषी होता नारायण शेणवी. दरबारात वकील दूर उभा होता. नारायण शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी वर धरली, महाराजांचं लक्ष गेलं आणि त्यांनी इंग्रजांना सिंहासनाजवळ बोलावलं. त्या क्षणी त्याने एक शब्दही भाषांतरित केला नव्हता. समोर काय चाललंय हे त्याला नेमकं कळलं होतं.

आता तुमची पाळी. पुन्हा एकदाच वाचेन, आणि या वेळी उत्तर सांगणार नाही. कागद-पेन्सिल घ्या. घरात जे कोणी असेल त्यांना समोर बसवा. तुम्ही दवाखान्यात आहात, मुलगा समोर आहे, आणि डॉक्टर त्याच्या आईबद्दल बोलताहेत.

युवर मदर्स ऑपरेशन इज ऑन द थर्टीन्थ, नॉट द थर्टिएथ. शी कॅन ड्रिंक वॉटर अनटिल मिडनाइट, बट शी कान्ट ईट एनिथिंग आफ्टर एट.

बोला.