मधली सहा मीटर

(दृश्य: वरून दिसणारा गोल मार्ग. त्यावर फिरणाऱ्या गाड्या.)

जपानमधल्या नागोया इथल्या संशोधकांनी सपाट जमिनीवर एक गोल रस्ता आखला. घेर २३० मीटर. त्यावर २२ गाड्या सोडल्या. चालकांना सूचना एवढीच, की वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास ठेवा आणि पुढच्या गाडीपासून सुरक्षित राहा. ना सिग्नल, ना चौक, ना खड्डा, ना कुणी आडवं येणारं.

पहिल्यांदा सगळं सुरळीत चालतं. मग इकडे बघा, चार-पाच गाड्या एकमेकींना खेटायला लागल्यात. कुणाचा तरी पाय किंचित ब्रेकवर पडला. मागच्याला ते कळायला क्षणभर लागला, म्हणून त्याने ब्रेक जरा जास्त दाबला. त्याच्या मागच्याने आणखी. आणि ही एक गाडी तर चक्क थांबली. ती सुटेल, पण तोवर मागून आलेली दुसरी अडकलेली असेल. गाड्या पुढे जातायत आणि कोंडी मात्र मागे सरकतेय, ताशी साधारण २० किलोमीटरने.

हा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. महामार्गावर अर्धा तास खोळंबल्यावर पुढे मोठा अपघात झाला असणार म्हणून आपण मान उंचावून बघतो, आणि अचानक रस्ता मोकळा होतो. अपघात नाही, काम नाही, काहीच नाही. ते कोडं या गोलात उलगडतं.

जरा हिशेब करू. २३० मीटरमध्ये २२ गाड्या, म्हणजे एकीच्या वाट्याला साडेदहा मीटरही नाही. त्यातली चार-साडेचार मीटर गाडीच खाते. उरली सहा. ताशी ३०च्या वेगाला ही सहा मीटर पाऊण सेकंदात संपतात. चूक सावरायला मिळतो तो एवढाच वेळ.

दोन गाड्यांमधल्या या मोकळ्या जागेचं लोक काय करतात, ते देशादेशाप्रमाणे बदलतं.

(दृश्य: जर्मनीतला महामार्ग. दोन लेनची एक होतेय.)

दोन लेनची एक होते ती जागा म्हणजे भांडणाचं घर. लवकर आत शिरलेल्यांना वाटतं, आपण सभ्य आणि टोकापर्यंत जाणारा तो घुसखोर. जर्मनीतला वाहतुकीचा नियम नेमकं उलट सांगतो. बंद होणाऱ्या लेनच्या टोकापर्यंत या आणि तिथे एक इकडची, एक तिकडची अशा गाड्या आत घ्या, झिपच्या दातांसारख्या. तरी तिथेही मुद्दाम गाडी आडवी घालणारे भेटतातच. शिस्तप्रिय माणसाला दुसऱ्याला शिस्त लावायचा मोह फार.

पण त्याच महामार्गावर वाहतूक चालण्याच्या वेगावर आली, की काय होतं ते पाहा. सर्वांत डावीकडच्या लेनमधल्या गाड्या डावीकडे सरकतात, बाकी सगळ्या उजवीकडे. मध्ये सरळ वाट तयार होते, रुग्णवाहिकेसाठी, अग्निशमन दलासाठी. आणि ही वाट भोंगा ऐकू आल्यावर करायची नसते, आधीच करून ठेवायची असते. भोंगा ऐकू येईपर्यंत गाड्या इतक्या खेटलेल्या असतात, की चाक वळवायलाही जागा उरत नाही. वाट न ठेवणाऱ्याला किमान २०० युरो दंड. त्या वाटेतून स्वतःचीच गाडी दामटणाऱ्याला आणखी जास्त.

(दृश्य: हनोई. दुचाकींचा लोंढा. आवाज तसाच ठेवावा.)

आता व्हिएतनाम. हनोईत सहा मीटर मोकळी सोडलीत, तर तुमचं बोलणं संपायच्या आत तिथे चार स्कूटर आलेल्या असतील. इथे अंतर पुढे मोजत नाहीत, बाजूला मोजतात, आणि तेही वितीत. हा लोंढा थांबेल म्हणून कडेला उभं राहिलात तर संध्याकाळ होईल. रस्ता ओलांडायची इथली रीत अशी, की पाऊल टाकायचं आणि एकाच संथ चालीने चालत राहायचं. धावायचं नाही. मध्येच थबकायचं नाही. मागे तर फिरायचंच नाही. दुचाकीवाला तुमच्या पुढच्या पावलाचा अंदाज बांधून बाजूने वळत असतो, तुम्ही तो अंदाज चुकवू नये इतकंच. आणि हा सतत वाजणारा हॉर्न बहुतेकदा रागाचा नसतो. ‘मी इथे आहे’ एवढंच तो सांगतो.

खुणांचेही अर्थ बदलतात. ब्रिटनमध्ये समोरच्याने दिवे चमकवले तर बहुधा ‘या तुम्ही’. जर्मनीत महामार्गावर मागून चमकले तर ‘सरका बाजूला’. जपानमध्ये आत येऊ दिल्याबद्दल चालक धोक्याचे पिवळे दिवे दोन-तीनदा लुकलुकवून आभार मानतात.

(दृश्य: ह्यूस्टन. केटी फ्रीवे.)

मग जागाच वाढवली तर? अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ पर्यंत रुंद केला. कडेचे जोडरस्ते धरले तर काही ठिकाणी २६ लेन. थोडी वर्षं बरी गेली, मग तीच रांग, फक्त अधिक रुंद.

इंडोनेशियाने वेगळं करून पाहिलं. जकार्ताच्या मुख्य रस्त्यांवर गर्दीच्या वेळी गाडीत किमान तीन माणसं हवीत, असा नियम होता. लोकांनी काय केलं? माणसं भाड्याने घेतली! नियमाची हद्द सुरू व्हायच्या आधी, रस्त्याच्या कडेला बोट वर करून लोक उभे असत. एक बोट म्हणजे एक प्रवासी. दोन बोटं म्हणजे दोन, त्यात बरेचदा कडेवर मूल घेतलेली बाई. मूलही माणसांत मोजलं जाई. शेवटी २०१६ मध्ये नियम रद्द झाला. आता हसू नका, कारण नियम गेल्यावर कोंडी कमी झाली नाही. ती वाढली, आणि ज्या रस्त्यांवर हा नियम कधी नव्हताच तिथेही वाढली. पळवाटांनी पोखरलेला तो नियमही काही गाड्या घरी ठेवत होता.

फरक पडायला थोड्याच गाड्या कमी व्हाव्या लागतात. स्वीडनमध्ये स्टॉकहोमने २००६ साली सात महिन्यांपुरता शहराच्या मध्यभागी गाडी आणण्यावर कर लावून पाहिला. हद्द ओलांडणारी वाहतूक साधारण २० टक्क्यांनी घटली आणि रांगा विरल्या. आधी विरोधात असलेल्या शहराने सप्टेंबरमधल्या सार्वमतात, थोड्या फरकाने का होईना, कराच्या बाजूने कौल दिला. २००७ पासून कर कायमचा.

(दृश्य: बोगोटा. पांढरे रंगवलेले चेहरे.)

कोलंबियाची राजधानी बोगोटा. १९९५ मध्ये अंतानास मोकुस महापौर झाले. मूळ पेशा गणित-तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचा. इथले चालक झेब्रा पट्ट्यांवरच गाडी उभी करत, पादचाऱ्याची ती मोकळी जागाही गिळत. दंड होता, त्याची भीती मात्र नव्हती. मोकुस यांनी चौकात मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले. आपलं हसं झालेलं माणसाला दंडापेक्षा जास्त झोंबतं, हा त्यांचा होरा.

हा बघा, तोंडाला पांढरा रंग फासलेला. पट्ट्यांवर आलेल्या मोटारीच्या पुढच्या भागाला दोन्ही तळवे लावून तो ती ढकलायचा आव आणतोय. पाय घसरतायत, घाम पुसतोय. फुटपाथवरची माणसं हसतायत. काचेमागचा चालक आधी नजर चुकवतो. मग मागे वळून बघतो आणि गाडी हळूच दोन हात मागे घेतो.

(दृश्य: रिकाम्या पट्ट्या. एक म्हातारी पिशवी घेऊन रस्ता ओलांडते.)