द्राक्षबागेतलं ऊन आणि आपल्या किडन्या

बरगड्या संपतात तिथं पाठीवर, कण्याच्या दोन्ही बाजूंना हात ठेवा. आत दोन किडन्या आहेत, प्रत्येकी दीडशे ग्रॅमच्या आसपास, उजवी जरा खाली कारण तिच्यावर लिव्हर बसलेलं असतं. सकाळी नळाचं, म्हणजे आपल्या नाशिकच्या गंगापूर धरणाचं, ग्लासभर पाणी प्यायलात, ते आतड्यातून रक्तात गेलं आणि ते रक्त इथं आलं. मिनिटाला लिटरभर रक्त या दोघींमधून फिरतं, तुम्ही झोपेत असा नाहीतर सीबीएस स्टँडवर बसची वाट बघत असा.

एकेका किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक नळ्या, असतात, आणि त्यांची कामाची पद्धत मला फार आवडते. दिवाळीला घर आवरताना कसं आपण सगळं सामान आधी अंगणात काढतो आणि मग कामाचं तेवढंच आत घेतो, अगदी तसंच. दिवसाला जवळपास १८० लिटर पाणी रक्तातून गाळून बाहेर काढतात, त्यातलं ग्लुकोज, मीठ आणि ९९ टक्के पाणी परत रक्तात घेतात, आणि युरियासारखी घाण घेऊन उरते ती फक्त दीड-दोन लिटर लघवी. ती मूत्रनलिकेतून थेंबाथेंबाने खाली मूत्राशयात येते. तिथं दीड-दोनशे मिली जमली की मेंदूला पहिला निरोप जातो.

आता एप्रिलमध्ये दिंडोरीकडच्या एखाद्या द्राक्षबागेत चला. खरड छाटणी चालू आहे, बाया डोक्याला रुमाल बांधून कात्रीने काड्या कापतायत, ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, नवी फूट येणारे एक-दोन डोळे ठेवून. बांधावर पाण्याची बाटली आहे पण ती अर्धीसुद्धा संपत नाही, कारण पाणी प्यायलं की जावं लागणार आणि जायचं कुठं, आडोसा नाही, संडास नाही. घामाने रक्त घट्ट होतं, मेंदू एडीएच नावाचं हार्मोन सोडतो, किडन्या जमेल तेवढं पाणी परत ओढतात आणि लघवी गडद पिवळी, थोडीशीच होते. किडन्यांनी आपलं काम चोख केलंय हो, पण बाईला याची किंमत मोजावी लागते. घट्ट लघवीत क्षारांचे खडे धरतात, मुतखडा होतो. बाईची मूत्रमार्गाची नळी जेमतेम चार सेंटीमीटर, पुरुषाची वीसच्या आसपास, त्यामुळे जंतूंना वर चढायला वेळ लागत नाही आणि लघवीच कमी झाली की ते धुऊनही जात नाहीत. वर तासन्‌तास तुंबवून ठेवायची.

मग जळजळ सुरू होते, उन्हाळी लागली म्हणून धण्याजिऱ्याचं पाणी पिऊन दिवस काढले जातात. नुसतं पाणी कमी पडलं असेल तर त्याने बरं वाटेलही. पण थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या वर एका बाजूला दुखायला लागलं किंवा लघवीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, मजुरी बुडली तरी, कारण इन्फेक्शन आता किडनीपर्यंत पोचलेलं असू शकतं.