चार काटे, एक तंगूस आणि आमची ६२० किलोची गाडी

हा जो जांभ्या दगडाचा मांगर, म्हणजे सामान ठेवायची खोली, दिसतोय ना, तो वेंगुर्ल्यापासून थोडा आत आहे, आधी इथे गवत नि आंब्याचे रिकामे खोके असायचे, आता आमची गाडी असते. १९५७ साली कॉलिन चॅपमनच्या लोटसनं सेव्हन नावाची गाडी आणली, त्याच धर्तीची, म्हणजे पाईप वेल्ड करून केलेली चेसिस, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढे जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन, ना छप्पर ना दरवाजा. ड्रायव्हर धरून ६२० किलो. रस्त्याचं पासिंग नाही, त्यामुळे टेम्पोत चढवायची नि थेट कोइमतूरला, करी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकवर ट्रॅक डेला, म्हणजे आपापली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, न्यायची.

पहिल्या वेळी गेलो तेव्हा गाडीनं रडवलं. उजव्या वळणाला मागची बाजू सुटायला बघायची, आणि डाव्या वळणाला स्टिअरिंग कितीही फिरवा, नाक आपलं सरळच पळतंय. जोरात ब्रेक मारला की पुढचं डावं चाक एकटंच लॉक व्हायचं, टायरवर तळहाताएवढा चट्टा पडला. जो येईल तो सांगायचा, स्प्रिंगा कडक टाक. टाकल्या. आणखी बिघडली, कारण एवढ्या हलक्या गाडीला तेवढ्या कडक स्प्रिंगा दाबायला वजनच नाही, चाक उंचवट्यावरून उडी मारतं, आणि हवेत असलेला टायर ग्रिप कुठून देणार? परत जुन्या बसवल्या.

मग ठरलं, कुठल्या चाकावर किती वजन पडतंय ते आधी मोजायचं. शेजारच्या काजू फॅक्टरीतून चार प्लॅटफॉर्म काटे मागून आणले, एकेका चाकाखाली एकेक. ड्रायव्हरच्या सीटवर ५० किलोची सिमेंटची पिशवी नि वर २० किलो उकडा तांदूळ, कारण ड्रायव्हर म्हणजे एकूण वजनाचा जवळजवळ नववा हिस्सा, त्याला सोडून मोजलं तर सगळंच खोटं. टाकी अर्धी, टायरमध्ये ट्रॅकवर ठेवतो तेवढीच हवा, अँटीरोल बारची, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून डावं-उजवं सस्पेन्शन जोडणाऱ्या दांड्याची, लिंक सोडलेली.

आकडे काही केल्या जुळेनात. दर वेळी वेगळे. तेवढ्यात गवंडीकाम करणारे आमचे काका आले, बघितलं नि म्हणाले, "आधी जमीन लेव्हलात आसा काय ता बघ मरे." पाण्याची नळी लावली, तर दाराकडे ११ मिलिमीटरचा उतार! पावसाचं पाणी आत राहू नये म्हणून कोकणात कोबा करतानाच ढाळ देतात, आणि आम्ही त्यावरच गाडी मोजत बसलेलो. मग लाद्यांचे तुकडे नि पत्र्याच्या पट्ट्या सारून चारही काटे एका पातळीत आणले, त्यात सकाळ गेली.

आता खरे आकडे. पुढचं डावं १४२, पुढचं उजवं १६२, मागचं डावं १६४, मागचं उजवं १५२. तिरकी बेरीज करा, पुढचं उजवं नि मागचं डावं मिळून ३२६, दुसरा कर्ण फक्त २९४. डगमगणाऱ्या टेबलासारखं, गाडी एकाच कर्णावर उभी. डाव्या वळणाला आधीच जड असलेल्या पुढच्या उजव्यावर आणखी भार जायचा म्हणून नाक पळत होतं, नि पुढचं डावं सगळ्यात हलकं म्हणून ब्रेकला तेच लॉक होत होतं, सगळं इथेच कळलं.

हे जे हुकपान्यानं फिरवतोय ते स्प्रिंगखालचं कॉलर. डाव्या पुढच्याचं वर घेतलं की त्या चाकावर नि त्याच्या तिरक्या, मागच्या उजव्या चाकावर वजन वाढतं, बाकी दोघांवर कमी होतं. पुढे-मागे किंवा डावी-उजवीकडे एकूण किती, ते याने बदलत नाही, त्यासाठी बॅटरीसारखं सामानच हलवावं लागतं. एकाच कोपऱ्यात सगळं फिरवलं तर उंची बिघडते, म्हणून थोडं थोडं चारही ठिकाणी, आणि दर वेळी गाडी हातानं दाबून हलवायची, नाहीतर सस्पेन्शन अडकून बसतं नि काटा फसवतो. खाऱ्या वाऱ्यानं आटे धरलेले, एक कॉलर सुटायला अर्धा दिवस लागला, आता ग्रीस लावून वर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा ओढून ठेवतो. संध्याकाळी दोन्ही कर्ण ३१० ला आले. चाकांच्या त्याच क्रमानं १५०, १५४, १५६, १६०.

उंची बदलली की कॅम्बर (समोरून बघता चाक किती झुकलंय) नि टो (वरून बघता चाकाचं तोंड किती आत-बाहेर आहे) बदलतात, ते नंतरच बघायचं. ओळंबा सोडला, रिमच्या वरच्या नि खालच्या कडेत साडेतीनशे मिलिमीटरला ९ मिलिमीटरचा फरक, म्हणजे चाक वरून साधारण दीड डिग्री आत झुकलेलं, पुढच्या चाकांना तेवढंच हवं होतं. टोसाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना मासेमारीचं तंगूस ताणलं, चेसिसच्या मध्यापासून सारख्या अंतरावर.

आणि ही कोइमतूरची दुसरी खेप. तिसऱ्या लॅपला डावं वळण आलं, स्टिअरिंग जेवढं फिरवलं तेवढंच नाक आत आलं. ब्रेकलाही पुढची दोन्ही चाकं सोबत धरतायत. पिटमध्ये येऊन मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडताना होणारा अटकाव, दोन क्लिक सैल केला, वहीत लिहिला, नि परत ट्रॅकवर.