वय विचारलं की ती बावीस सांगते

देहविक्रीच्या धंद्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलीला आरोपी करायचं की मदत करायची, यावर अमेरिकेत अजून राज्याराज्यांत कायदे होत आहेत. न्यूयॉर्कने तसा कायदा २००८ मध्ये केला. मुंबईत या प्रश्नाचं उत्तर त्याआधीच मिळालं होतं, हे आपल्याच लोकांना फारसं ठाऊक नसतं.

आपला 'पिटा', म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, १९५६ चा. त्याच्या आठव्या कलमात गिऱ्हाइकाला खुणावणं हा गुन्हा आहे. खुणावणारी पंधरा वर्षांची असली तर काय, हे तिथे सांगितलेलं नाही. सांताक्रूझमधल्या एका धाडीनंतर 'प्रेरणा' ही संस्था उच्च न्यायालयात गेली. कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणारी ही मंडळी. २००२ मध्ये निकाल लागला. अठरा वर्षांखालच्या मुलीवर दंडाधिकाऱ्याचा अधिकार नाही, तिला बालकल्याण समितीपुढेच न्यायचं. आणि मला सगळ्यात आवडतो तो आदेश असा, की दलालाच्या वकिलाने मुलीचं वकीलपत्र घ्यायचं नाही. कारण तोपर्यंत तेच चालायचं! दलालाचा जामीन मागणारा वकीलच 'मुलीला सोडा' असाही अर्ज घेऊन उभा राहायचा. त्याची फी कोण देत असेल, ते तुम्हीच ओळखा.

मग आता अडतं कुठे? वयात. धाड पडली की पहिला प्रश्न तोच, आणि मुलगी ठामपणे सांगते, बावीस. घरवालीनं, म्हणजे कोठ्याच्या मालकिणीनं, पढवलेलं असतं: खरं वय सांगशील तर वर्षानुवर्षं कोंडतील. कधी कधी ओळखपत्रही त्याच वयाचं बनवून ठेवलेलं असतं. तिला खोटारडी म्हणू नका, तिच्या हिशेबात हा शहाणपणाच आहे. पण बावीस लिहिलं गेलं की ती प्रौढ बायकांच्या रांगेत जाते आणि २००२ चा निकाल तिच्यापर्यंत पोचतच नाही. वय कसं ठरवायचं, याचा क्रम बाल न्याय कायद्यात स्पष्ट आहे: आधी शाळेचा दाखला, नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. बंगालमधल्या गावातून दाखला यायला वेळ लागतो, तपासणी मात्र लगेच होते. आणि त्या तपासणीत एक-दोन वर्षांचा फरक सहज पडतो. सतराची एकोणीस व्हायला एवढं पुरतं.

समजा, वय नीट ठरलं. चोवीस तासांत तिला समितीपुढे आणायचं, मग बालगृह. दाराला कुलूप, हातात मोबाइल नाही. कागदावर ती आरोपी नाही, पण तिला विचाराल तर ती म्हणेल, मला पकडून ठेवलंय. दरम्यान कुणी 'मावशी' ताबा मागायला येते. गावाकडची गृहचौकशी नीट झाली नसेल, तर ही मावशी नेमकी कुणाची, हे कळायला मार्ग नसतो.

म्हणूनच पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांतली सहायक व्यक्ती मला फार मोलाची वाटते. जबाबापासून खटला संपेपर्यंत मुलीबरोबर राहणारं हे एकच माणूस. पोलीस बदलतात, सरकारी वकील बदलतात. पोक्सोचा खटला शक्यतो वर्षात संपवा असं कायदा म्हणतो, पण साक्षीची तारीख येईपर्यंत मुलगी बहुधा गावी परतलेली असते. अशा मुलींची साक्ष त्यांच्याच जिल्ह्यातून व्हिडिओवर घेण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आखून दिली आहे. तसा अर्ज वेळेत पडतोय का, हे सहायक व्यक्ती पाहते. ती नेमलीच नसेल तर समन्स घेऊन गणवेशातला पोलीस मुलीच्या दारात उभा राहतो, आणि मुलगी मुंबईत कुठे होती ते सगळ्या गावाला कळतं.