उलटा वाय आणि कोपऱ्यातला तो ठिपका

तर मंडळी, सूर्याचा हा एक्स-रे फोटो नीट बघा. जपानच्या हिनोडे यानाने काढलेले असे ढीगभर आहेत. काळ्या भागातून एक उजळ रेघ वर गेलीय आणि खाली दोन पाय फुटलेत, म्हणजे सरळ सरळ उलटा वाय. हाच कोरोनल जेट. सूर्याच्या बाहेरच्या वातावरणात, करोनात, उडालेली तापलेल्या प्लाझ्माची (म्हणजे विद्युतभारित वायूची) पिचकारी. स्पीड साधारण सेकंदाला 200 किलोमीटर, म्हणजे पृथ्वी या टोकापासून त्या टोकापर्यंत मिनिटभरात पार!

तो काळा भाग म्हणजे कोरोनल होल. भोक वगैरे काही नाही हं, तिथल्या चुंबकीय रेषा वळून परत खाली येत नाहीत, थेट अंतराळात जातात, मग गरम प्लाझ्मा निसटून जातो आणि जागा काळी दिसते.

आता माझा आवडता भाग. आधी वाटायचं की खालून नवीन चुंबकीय कमान वर येते, जुन्या रेषांना भिडते, रेषा तुटून नव्याने जुळतात, ज्याला रिकनेक्शन म्हणतात, आणि त्या एनर्जीने जेट उडतो. पटतंय ना? पण झूम करा. सगळ्यात लख्ख ठिपका मधे नाहीये, एका कोपऱ्यात आहे. तो तिथे काय करतोय?

2015 मध्ये सौरशास्त्रज्ञ अल्फॉन्स स्टर्लिंग आणि त्यांच्या टीमने 20 जेट्स तपासले आणि 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापलं. प्रत्येकात त्यांना मिनिफिलामेंट दिसला, म्हणजे त्यामानाने थंड प्लाझ्माचा छोटासा दोर (थंड म्हणजे सूर्याच्या हिशोबात, हात लावायला जाऊ नका). हा दोर कोपऱ्यातून उसळतो, वरच्या रेषांना धडकतो तेव्हा जेट सुटतो, आणि तो जिथून उठला तिथे खाली रेषा परत जुळताना जो उजेड पडतो तोच आपला ठिपका. थोडक्यात, मोठ्या सौरस्फोटांचंच हे पिल्लू.

आणि पिल्लाचीही पिल्लं आहेत! मार्च 2022 मध्ये सोलर ऑर्बिटर यानाने सूर्याच्या दक्षिण ध्रुवाजवळ जेमतेम काहीशे किलोमीटर रुंदीचे जेट टिपले, 20 ते 100 सेकंदांत खेळ खल्लास. नाव पिकोफ्लेअर जेट, कारण एनर्जी सगळ्यात मोठ्या फ्लेअरच्या, म्हणजे सौरस्फोटाच्या, लाख कोटीव्या भागाएवढी. पण सतत कुठे ना कुठे उडतच असतात, त्यामुळे सौरवाऱ्याला, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या प्लाझ्माच्या झोताला, बराचसा माल हेच पुरवतात असं ते शोधणाऱ्यांचं म्हणणं आहे.